पापणीला बोट

कोल्हापूरच्या जनता बाजार चौकातून निघा आणि राजारामपुरीच्या नंबरांच्या गल्ल्या एकेक करून मागे टाका. आज इथे गल्लोगल्ली दवाखाने आहेत आणि चष्म्यांची दुकानंही. काचेच्या दाराआड एखादं पोर हनुवटी टेकवून यंत्रात डोकावत असतं, आई शेजारी उभी राहून फ्रेमचा रंग ठरवत असते. तुम्हाला जायचंय १९१९ सालच्या डिसेंबरात. तिथे यातलं काहीच नाही. ही वसाहत राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत आखली गेली आणि ते गादीवर आले १९२२ मध्ये. म्हणजे तुमच्या पायांखाली आत्ता गल्ली नाही, पाणंद आहे. दोन्ही बाजूंना ऊस. पश्चिमेला पाहिलंत तर झाडांवरून एकच उंच गोष्ट दिसते, कोटितीर्थाकडच्या शाहू मिलचं धुराडं. मिलची पायाभरणी होऊन तेरा वर्षं झाली आहेत. रेल्वे त्याहून जुनी, १८९१ पासून मिरजेहून येते.

थंडी आहे आणि गुऱ्हाळं पेटली आहेत. तो वास तुम्ही ओळखाल, कोल्हापूरकराला तो कुठल्याही शतकात ओळखू येईल. जवळ जा. काहिलीभोवती मुलं जमली आहेत, हातात उसाचं कांडं, तोंडाला रस. आता त्यांच्या चेहऱ्यांकडे नीट बघा. डोळ्यांच्या कोपऱ्यात चिपडं आहेत, चिपडांवर माश्या बसल्या आहेत आणि मुलं त्या हाकलतसुद्धा नाहीत. सवय झाली आहे. एका पोराच्या नाकाडोळ्यांवरून त्याची बहीण पदराचा शेव फिरवते आणि त्याच शेवाने धाकट्याचेही डोळे पुसते. ती मायेने पुसते आहे. खुपरी नावाचा रोग एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातो तो याच वाटेने: बोट, फडकं आणि माशी. १९०७ मध्ये जावा बेटावर हाल्बरस्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांनी खुपरीच्या रुग्णांच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली काही बारीक ठिपके पाहिले, तेव्हा या रोगाचं कारण पहिल्यांदा माणसाच्या नजरेला पडलं. त्याला बारा वर्षं झाली. इथे ते कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही.

गेल्या वर्षीची मानमोडीची साथ अजून लोकांच्या बोलण्यात आहे. पाणंदीवरून तुमच्या पुढे एक म्हातारी चालली आहे, तिचा मुलगा आणि सून त्यातच गेले. राहिला तो हा नातू, तिच्या हाताला धरून चालणारा, सात-आठ वर्षांचा. पूर्वेकडच्या एका खेड्यातून, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून दोघं उजाडायच्या आधी निघाली आहेत. (ही दोघं मी कल्पिलेली आहेत. ती ज्या दवाखान्यात चालली आहेत तो खरा आहे आणि ज्या हुकमाच्या बळावर चालली आहेत तोही.) तुमचे कपडे पाहून आजी थबकते.

"तुमी मिशनवालं हाय का वो?"

नाही म्हणा. मग विचारा, पोराला काय झालंय.

"झालंय म्हंजी... शाळंत घातल्यापास्नं मास्तर म्हनत्यात, ह्येला फळ्यावरचं दिसत न्हाई. आदी कुनाला कळलंच न्हवतं. ढोरं राखाय जातंय, वाट चुकत न्हाई. मग दिसत न्हाई म्हंजी काय?"

आजीच्या या प्रश्नापाशी थोडं थांबा. ढोरं राखायला, सरपण वेचायला, विहिरीवरून पाणी आणायला जेवढी नजर लागते तेवढी या पोराला आहे. वीस फुटांवरचं अक्षर ओळखायची गरज त्याला कधी पडली नव्हती, कारण त्याच्या समोर अक्षर कधी आलंच नव्हतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये चिखलीला त्या कायद्याखालची पहिली शाळा उघडली. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. गरिबाच्या घरात रुपया म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी, म्हणून पोरं शाळेत आली. शाळेत आली तेव्हा फळ्यासमोर बसली आणि फळ्यासमोर बसली तेव्हाच कुणाला दिसतं आणि कुणाला नाही हे पहिल्यांदा कळलं. मला वाटतं, कोल्हापुरात मुलांच्या डोळ्यांची पहिली मोठी तपासणी कुठल्या डॉक्टरने केली नाही. ती या कायद्याने केली. तपासणी म्हणून कुणी ती योजली नव्हती, तरी ती झाली.

युरोपात हेच अर्धशतक आधी घडून गेलं होतं. ब्रेस्लाउ शहरातल्या हेर्मान कोन या नेत्रवैद्याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७ मध्ये निष्कर्ष छापले: जसजशी इयत्ता वाढते तसतशी लांबचं न दिसणारी मुलं वाढतात. मग त्याने वर्गातल्या खिडक्या, बाकांची उंची, पुस्तकातल्या अक्षरांचा आकार या सगळ्याचा पाठपुरावा केला. इंग्लंडमध्ये १९०७ साली कायदा झाला आणि सरकारी शाळांतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. पण तपासून नुसती नोंद करून काय उपयोग, औषध कोण देणार? म्हणून मार्गारेट मॅकमिलन यांनी १९०८ मध्ये लंडनच्या बो भागात आणि १९१० मध्ये डेप्टफर्डला शाळेतल्या मुलांसाठी दवाखाना काढला. डोळे, कान, दात, सगळं तिथेच. गरीब वस्तीतली आई कामावर असते, तिला पोराला घेऊन इस्पितळाच्या रांगेत दिवसभर उभं राहता येत नाही, हे त्यांना कळलं होतं. तुमच्या पुढे चाललेल्या आजीकडे डेप्टफर्ड नाही. तिच्याकडे दोन पाय आहेत आणि आजच्या दिवसाची बुडालेली मजुरी आहे.

स्टेशन ओलांडून, शाहूपुरीची पेठ मागे टाकून तुम्ही आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या आवारात पोचता. आज आपण याला सीपीआर म्हणतो. मेजर मॅंट यांच्या आराखड्यावरची ही इमारत १८८० च्या दशकातली, समोरचा टाऊन हॉल तिच्याही आधीचा. सकाळचे रुग्ण व्हरांड्यात बसलेत. बायकांच्या बाजूला गर्दी जास्त आहे. डॉ. कृष्णाबाई केळवकर या इस्पितळात शतकाच्या सुरुवातीपासून आहेत आणि बाई डॉक्टर आहे म्हटल्यावर पेठांतल्या बायका इथवर येऊ लागल्या आहेत. तिकडे एका बाळंतिणीच्या कुशीत चार दिवसांचं बाळ आहे, पापण्या सुजून मिटलेल्या. नव्या जिवाचे डोळे असे आले आणि हयगय झाली तर बुबुळावर फूल पडून ते जन्माचं आंधळं होतं. लायपझिगच्या क्रेडे यांनी १८८१ मध्ये दाखवून दिलं होतं की जन्मल्याबरोबर सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्याचा एकेक थेंब डोळ्यांत घातला तर हे टळतं. सुईणीच्या हातापर्यंत तो थेंब पोचायला मात्र कितीतरी वर्षं गेली.

व्हरांड्यातल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवा. देवी येऊन गेलेला एक माणूस आहे, एका डोळ्यात पांढरी टिक. एक म्हातारा, त्याच्या पापण्यांचे केस आत वळलेत आणि त्याची म्हातारी चिमट्याने ते एकेक उपटते आहे. खुपरीकडे लहानपणी लक्ष दिलं नाही तर चाळिशी-पन्नाशीत हेच होतं: पापणी आतून आक्रसते, केस बुबुळाला घासतात आणि हळूहळू काच धूसर होत जाते. एक पोरगी आहे, दिवेलागणीनंतर चाचपडत चालणारी. तिच्या आईला कुणीतरी बोकडाचं काळीज भाजून खायला घाला म्हणून सांगितलंय आणि ते बरोबरच आहे. काळजात काय असतं ते अमेरिकेत १९१३ मध्ये सापडलं, पुढे त्याला अ जीवनसत्त्व म्हणू लागले. शेवग्याच्या पाल्यातूनही शरीराला ते मिळतं आणि शेवगा इथल्या प्रत्येक परड्यात आहे. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, आणि ओरडून सांगावंसं वाटतंय. सांगा. पोरीची आई ऐकून घेईल, मान डोलावेल. काळजाला पैसे पडतात, पाल्याला पडत नाहीत, एवढं तरी तिच्या लक्षात राहील.

आता आजीकडे या. ती पायरीच्या खाली थांबली आहे, वर चढलेली नाही.

कारण तिला आठवतंय. डॉक्टरांच्या खोलीपर्यंत आपल्यासारख्यांनी जायचं नसतं, लांबूनच दुखणं सांगायचं, पुडी वरून हातात पडते ती झेलायची, हे ती जन्मभर पाहत आली आहे. तापाचं, खोकल्याचं, जुलाबाचं औषध असं लांबून देता येतं. वाईटच, पण देता येतं. डोळ्याचं तसं नाही. खुपरी आहे की नाही ते बघायचं तर वरची पापणी उलटावी लागते. पापणी उलटायला तिचे केस चिमटीत धरावे लागतात आणि बोट लावावं लागतं. तपासणाऱ्याचा चेहरा रुग्णाच्या चेहऱ्याजवळ न्यावा लागतो, इतका की एकाचा श्वास दुसऱ्याला लागतो. शिवायचंच नाही असं ज्याने ठरवलंय, त्याला डोळा तपासता येत नाही. अस्पृश्यतेमुळे किती लोकांना काय काय नाकारलं गेलं याच्या याद्या आपण वाचतो: पाणवठा, देऊळ, शाळा. त्या यादीत मी डोळ्याचं औषध घालीन. शिवाशिवीमुळे किती पोरांच्या पापण्या कधीच कुणी उलटून पाहिल्या नसतील, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही.

याच वर्षी जानेवारीत महाराजांनी हुकूम काढले. सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या रुग्णांना इतरांसारखीच वागणूक द्यायची, आणि ज्या नोकराची याला हरकत असेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. नुसता उपदेश असता तर तो फायलीत पडून राहिला असता. पेन्शन जाणार म्हटल्यावर बोटं हलली. दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद झाल्या आहेत आणि मुलं सगळ्यांच्या शाळेत बसू लागली आहेत. आजीचा नातू त्यातलाच. दसऱ्यापर्यंत त्याच्यासमोर फळा नव्हता म्हणून नजरेचा प्रश्न नव्हता. आता फळा आहे, आणि तो शेवटच्या रांगेत आहे.

"वर या, आजी," आतून ड्रेसर म्हणतो.

ती चढते. तुम्ही तिच्या मागोमाग जा, खिडकीशी उभे राहा. डोळे उजेडातच तपासतात. मुलाला खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं आहे.

"खाली बघ. खाली, माझ्या बुटाकडं बघ. वर बघायचं न्हाई."

मुलगा बुटाकडे पाहतो. ड्रेसर डाव्या हाताने पापणीचे केस धरतो, उजव्या हाताच्या बोटाने वरून हलका दाब देतो आणि पापणी उलटते. आजी डोळे मिटून घेते. तुम्ही मिटू नका. आतली त्वचा तांबूस, मखमली हवी; इथे ती लाल झाली आहे आणि तिच्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे उठले आहेत. खुपरी, फार जुनी नाही. बुबुळ अजून स्वच्छ आहे. जरा आधीच याच स्टुलावर जरीच्या टोपीतलं एका पेढीवाल्याचं पोर बसलं होतं, त्याच्या पापणीतही हेच दाणे होते.

डॉक्टर येतात, बघतात, मान हलवतात. ड्रेसर बोरिकच्या कोमट पाण्याने डोळा धुतो आणि ताटलीतून निळी कांडी उचलतो. मोरचूद. उलटलेल्या पापणीवरून तो कांडी एकदाच, बेताने फिरवतो. मुलगा किंचाळतो. डोळ्यांतून पाण्याची धार लागते. मोरचुदाने दाणे जळतात, त्याबरोबर चांगली त्वचाही थोडी जळते आणि वेदना व्हायची ती होते. या काळात याहून बरं औषध जगात कुठेच नाही. लंडनच्या पोरांच्या पापण्यांवरही हीच निळी कांडी फिरते आहे. सल्फाच्या गोळ्या यायला अजून वीसेक वर्षं आहेत, टेट्रासायक्लिनचं मलम त्याच्याही नंतर. भारतात खुपरी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे हा मुलगा, त्याची मुलं आणि नातवंडं यांच्या आयुष्याएवढा काळ मध्ये जायचा आहे.

ड्रेसर कार्बोलिकच्या पाण्यात हात धुतो. हे बघून ठेवा. हात न धुता तो पुढच्या डोळ्याकडे वळला असता तर या खोलीतूनच रोग घरोघर गेला असता.

पण फळ्यावरचं न दिसण्याचं काय? खुपरीने डोळे चुरचुरतात, पाणी येतं. बुबुळ स्वच्छ असताना अक्षर दिसेनासं होऊ नये. डॉक्टरांनाही तेच वाटतं. भिंतीवर तक्ता टांगला आहे, युट्रेक्टच्या स्नेलेन यांनी १८६२ मध्ये बसवलेल्या पद्धतीचा. पोराला इंग्रजी येत नाही, मराठी अक्षरंही अजून अर्धीच. म्हणून त्याला तीन दात्यांच्या खुणेचा तक्ता दाखवतात. दाते वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, तेवढं बोटांनी दाखवायचं. वीस फुटांवरून तो वरच्या दोन ओळी दाखवतो आणि मग थांबतो. डोळे बारीक करतो. आजी म्हणते, "नाटकं करतंय वो, हुशार हाय त्ये." डॉक्टर एका काळ्या पुठ्ठ्याला टाचणीने पाडलेलं भोक त्याच्या डोळ्यासमोर धरतात. मुलगा गप्प होतो. मग बोटं भराभर हलायला लागतात: वर, डावीकडे, खाली, खाली, उजवीकडे. चार ओळी आणखी.

इतकी साधी गोष्ट. बारीक छिद्रातून दिसतं म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात खोट नाही, किरणं नेमक्या जागी जुळत नाहीत एवढंच. चष्म्याने भागेल. हे पुठ्ठ्याचं भोक कुठल्याही गुरुजीला वर्गात करता येतं आणि आजही करता येईल. ज्या मुलाला "लक्ष कुठंय तुझं" म्हणून छडी बसते, त्याच्या हातात आधी हा पुठ्ठा द्यायला हवा.

चष्मा म्हटल्यावर आजी घाबरते. चष्मा म्हाताऱ्यांनी लावायचा असतो, पोराने लावला तर डोळे आणखी जातात, आणि उद्या लग्नाला मुलगी कोण देईल? डॉक्टर समजावतात. भिंगं बाहेरगावाहून मागवावी लागतील, वेळ लागेल, पैसे लागतील. मिरजेचा विषयही निघतो. तिथे वॉनलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून आहे; मोतीबिंदू काढून घ्यायला दूरदूरचे लोक बैलगाडीने आणि आगगाडीने येतात आणि कुणालाही जात विचारत नाहीत. डोळ्याचं अवघड काम असेल तर कोल्हापूरकर गाडीत बसतो आणि मिरजेला उतरतो. याचं काम तितकं अवघड नाही, डॉक्टर म्हणतात. खुपरीसाठी मात्र इथेच यायचं, आठवड्यातून दोनदा, दाणे जाईपर्यंत. दोन-तीन महिने तरी.

आजी बोटांवर मोजते. आठवड्यातून दोनदा म्हणजे दोन दिवसांची मजुरी. आणि शाळा? "धाडलं न्हाई तर रुपाया दंड करत्यात वो सरकार. हतं आनायचं का तितं धाडायचं?"

मॅकमिलनबाईंनी डेप्टफर्डला ज्या प्रश्नासाठी दवाखाना उघडला तोच हा प्रश्न. शाळा एका खात्याची, इस्पितळ दुसऱ्या खात्याचं, आणि मध्ये सहा मैल चालणारी एक म्हातारी. दोन्ही खाती एकाच राजाने, एकाच तळमळीने चालवलेली. त्यांना जोडणारा धागा अजून कुणी ओवलेला नाही. शाळेत डोळे तपासायचे आणि उपचारही तिथवर न्यायचे, हे आपल्याकडे देशाच्या कार्यक्रमात आलं ते अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाल्यानंतर.

ड्रेसर टेबलाचा खण उघडतो, कागदाचा तुकडा काढतो आणि टाकाने लिहायला लागतो. तुम्ही खांद्यावरून वाचा. मोडी वळणाचं घाईतलं अक्षर आहे. मुलास मंगळवारी व शनिवारी सकाळी दवाखान्यात येणे आहे, हजेरीस गैरहजर धरू नये. याचे तोंड पुसण्याचे फडके वेगळे ठेवावे. वर्गातील कोणीही दुसऱ्याच्या फडक्याने डोळे पुसू नयेत. चष्मा मिळेपर्यंत मुलास लांबचे दिसत नाही.

मग तो टाक दौतीत बुडवतो, क्षणभर डॉक्टरांकडे पाहतो. डॉक्टर म्हणतात, लिहा.

सबब, यास फळ्याजवळ पहिल्या रांगेत बसवावे.